ओटीच्या बॉक्समधली कात्री

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. शोभेची नव्हे, रोज हातात असणारी, बोटांच्या घामाने पितळी मुठी काळवंडलेली. भिवंडीत टेमघरला एका गाळ्यात भेटवस्तूंसाठी कागदी बॉक्स बनतात, तिथे माझा मुक्काम आहे. माझा स्वभाव जरासा संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. त्याला माझ्याकडे इलाज नाही. माझी दोन पाती जन्मभर एकमेकांवर नजर ठेवून असतात. एक जरा सैल पडले, की दुसऱ्याला लगेच कळते. पण आज जी हकिगत सांगणार आहे, तिच्यात संशय घेणारी मी नव्हते. माणसे होती. मी फक्त त्या संशयाचे कारण होते, आणि सगळे ठाऊक असून मला बोलता येत नव्हते.

माझा जन्म मेरठचा. तिथल्या गल्लीत एक जण लोखंड तापवून ठोकायचा, दुसरा घासायचा, तिसरा पितळ ओतून मुठी बसवायचा. शेवटी एक म्हातारा कात्री कानाजवळ धरून उघडमीट करायचा. आवाज पटला, तरच ती बाहेर जायची. माझा आवाज त्याला पटला. पुढे एक विणकर गावाहून परत येताना मला पत्र्याच्या पेटीत घालून भिवंडीला घेऊन आला आणि त्याने मला नाक्यावरच्या आपल्या शिंपी दोस्ताच्या हवाली केले.

शिंप्याकडे माझा मोठा मान होता. कापडाच्या घडीवर मी चालू लागले, की गिऱ्हाईक बोलणे थांबवून बघत राहायचे. मला कुणी कागद कापायला उचलले, तर शिंपी खवळायचा. "कागज से धार मर जाती है," असे त्याचे म्हणणे. मग तयार कपड्यांची दुकाने आली. शिवायला येणारे आधी दुरुस्तीला येऊ लागले, नंतर तेही येईनात. दुकान बंद झाले आणि मी शिलाई मशीनच्या खणात, तुटक्या बटणांच्या सोबतीला पडून राहिले. मित्रांनो, गंज फार हळू चढतो. तो येताना दिसत नाही, आलेला दिसतो.

ते जुने मशीन विनिताने विकत घेतले आणि त्याच्याबरोबर मी तिच्याकडे आले. विनिता माहेरची अंजूरची. तिकडे शेते जाऊन गोदामे उभी राहिली, गोदामांत कापडाचे तागे आले आणि ताग्यांबरोबर जाड पुठ्ठा आला. पुठ्ठ्याचे काय होऊ शकते, हे तिने तिथे लहानपणीच पाहिले होते. लग्नानंतर तिने टेमघरला गाळा घेऊन बॉक्सचे काम सुरू केले. मशीनच्या खणात मी सापडले, तेव्हा तिने मला राखेने घासले, तेलाचा थेंब दिला आणि सायकलवरच्या धारवाल्याकडे नेले. दर धारेला मी थोडी झिजत गेले. माझी रुंद टोके बारीक होत होत पक्ष्याच्या चोचीसारखी झाली. कापडाच्या कामाला मी उरले नाही. पण कागदाची नाजूक जाळी कापायला माझ्यासारखी दुसरी त्या गाळ्यात नव्हती.

बॉक्स कसा होतो, ते तुम्हाला सांगते. आधी पुठ्ठा सुरीने कापायचा. वाकवायच्या रेषेवर हाडाच्या बोथट पट्टीने दाब द्यायचा, म्हणजे घडी सरळ बसते. मग खळ लावून वर रंगीत कागद चढवायचा. कोपऱ्यावर घाई केली, की सुरकुती पडते आणि ती कधी जात नाही. बॉक्स वाळला, की झाकणावर हाताने कापलेली फुले, पाने, तोरण चिकटवायचे. हे शेवटचे काम माझे. आणि माझे म्हणजे ठकीचे.

ठकी डोंगराकडच्या पाड्यावरची. ती आली होती पुठ्ठ्याचे गठ्ठे उचलायच्या मजुरीला. एकदा दुपारच्या सुट्टीत तिने पडलेला हिरवा कागद घेतला, मला उचलले आणि पेन्सिलची रेघसुद्धा न ओढता भाताची लोंबी कापली. दाण्यांनी वाकलेली, शेवटचा दाणा जरा सुटा. गंमत अशी, की ती मला फारशी हलवतच नसे. मी जागेवर, आणि कागद तिच्या डाव्या हातात माझ्याभोवती फिरायचा. विनिताने ती लोंबी बघितली आणि त्या दिवसापासून ठकी गठ्ठे उचलायची थांबली. "लोंबीवाले बॉक्स" अशी गाळ्याची ओळख झाली. ठकीला त्यातून पाड्यावरचे घर चालवता येऊ लागले.

सगळ्यांना ते आवडले असे नाही. रुचिका तिच्या आधीपासून तिथे कामाला होती. बोलायला फटकळ, हाताला चलाख. कालची मजूर आज विनिताताईंच्या शेजारी बसते, हे तिला खुपायचे. शिवाय ठकी रोज संध्याकाळी जमिनीवरची रंगीत कातरण गोळा करून पिशवीत भरून न्यायची. कशाला, ते कुणी विचारले नाही, तिनेही सांगितले नाही. रुचिका ती फुगलेली पिशवी दारापर्यंत नजरेने पोचवायची. त्यातच एकदा गाळ्याबाहेर मोटरसायकलवाला एक माणूस ठकीशी बोलताना दिसला. तो कल्याणच्या दुसऱ्या बॉक्सवाल्याचा माणूस निघाला. झाले. ठकी आपले नमुने तिकडे पोचवते, अशी कुजबुज खळीच्या डब्याभोवती फिरू लागली.

आता आमच्या गाळ्याचा एक रिवाज सांगितला पाहिजे. कात्री एकीने दुसरीच्या हातात द्यायची नाही. दिली तर दोघींत भांडण लागते, असे विनिता तिच्या आईकडून शिकली होती. देणारीने कात्री खाली ठेवायची आणि घेणारीने ती उचलायची. तुमच्याही घरी कुणी असे सांगत असेल. विनिता या बाबतीत फार काटेकोर होती.

शेलार गावच्या एका लग्नघराचे काम आले होते. मानाच्या बायकांना द्यायचे साडीचे लांब बॉक्स. आत बटर पेपर, त्यावर साडी, साडीवर खण आणि हळदकुंकवाची वाटी. साड्या आणि वाट्या लग्नघराने गाळ्यावरच आणून दिल्या होत्या. भरायचे काम गोदूमावशीकडे होते. गोदूमावशी सगळ्यांत वडील. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता आणि तोंड मात्र ठणठणीत होते.

त्या दुपारी खळीचा डबा लवंडला. जमीन, चटई, पाट, सगळे चिकट झाले. रुचिकाने लेस कापायला मला मागितले. मी विनिताच्या हातात होते. हातात तर द्यायचे नाही आणि खाली तर खळ. विनिताने मला समोरच्या एका उघड्या बॉक्समध्ये ठेवले, "घे गं," म्हणाली आणि फोन वाजला म्हणून बाहेर गेली. रुचिका पाय पुसत होती. पुसून होईस्तोवर लेस तिने दातांनी तोडली. आणि गोदूमावशीने ओळीतला पुढचा बॉक्स ओढला, बटर पेपर माझ्यावर पसरला, वर साडी ठेवली, खण ठेवला, वाटी ठेवली आणि झाकण लावून फीत बांधली. साडीच्या वजनात माझे वजन कुणाला कळणार? भांडण टाळायला म्हणून ज्या ठिकाणी मला ठेवले, तिथूनच भांडण सुरू झाले.

अंधारात मी सगळे ऐकत होते. आधी नुसती शोधाशोध. कागदाचे गठ्ठे हलले, डबे सरकले. विनिता म्हणाली, की आपण कात्री खाली ठेवली होती, एवढे तिला नक्की आठवते. रुचिका म्हणाली, की आपण ती उचललीच नाही. दोघी खरे बोलत होत्या. मग हळूहळू शोधणे थांबले आणि शांतता झाली. मित्रांनो, वस्तू शोधताना माणसे खाली बघतात. शोधणे थांबले, की एकमेकांकडे बघायला लागतात.

"ठके, पिशवी बघू जरा," रुचिका म्हणाली.

"बघ."

पिशवी जमिनीवर उलटी झाल्याचा आवाज आला. सळसळ, एवढाच. लोखंडाचा आवाज नव्हता.

"हे कशाला नेतेस रोज? नमुना दाखवायला?"

 ठकी म्हणाली, "कोंबडी बसवलीय अंड्यांवर. तिच्या खाली घालते."

सगळ्या हसल्या. गोदूमावशी म्हणाली, "आमच्या कोंबड्यांचा जलम भुशावर गेला. हिची बसते सोनेरी कागदावर. राणी हाय का काय?" तिला कुणाला दुखवायचे नव्हते, पण त्या हसण्यात ठकीचे खरे वाहून गेले. पिशवीत कात्री नव्हती, याचा अर्थ ती आधीच बाहेर पोचवली, असा रुचिकाने लावला. मोटरसायकलवाल्याची गोष्ट आता मोठ्याने बोलली गेली. संशयाचे असे असते. पुरावा मिळाला तरी तो वाढतो, न मिळाला तरी वाढतो.

विनिता हसली नव्हती. ती समजुतीच्या आवाजात म्हणाली, "ठकी, चुकून नेली असशील तर उद्या आणून ठेव. मी काही विचारणार नाही."

"न नेलेली वस्तू मी आणू कुठून, ताई?" ठकी म्हणाली. "तुमी विचारलं असतं तर बरं झालं असतं. तुमी न विचारताच ठरवलं."

कातरण तिथेच टाकून, रिकामी पिशवी घडी करून ती गेली, हे मला नंतर बाकीच्यांच्या बोलण्यातून कळले. दुसऱ्या दिवशी आली नाही. त्यानंतरही नाही.

बॉक्सचा ढीग भिंतीशी रचून होता, त्यामुळे पुढचे काही दिवस मी गाळ्यातच होते आणि आतून सगळे ऐकत होते. ठकी गेल्यावर संशय तिच्याबरोबर जाईल, असे विनिताला वाटले असेल. तो राहिला. घरी जाताना प्रत्येकीने पिशवी दाखवून जायचे, असा नियम झाला. मग मोत्यांची डबी कमी भासू लागली. टिकल्यांच्या पाकिटावरून दोघींची जुंपली. जी ती आपली खळ आपल्या पदराआड ठेवू लागली. एरवी शेजारच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, खडखडाटावर मात करणारी गाणी आणि थट्टा बंद पडली. आणि लोंबी तर कुणालाच जमेना. विकतची छापील फुले चिकटवून बॉक्स पुरे झाले. एका सकाळी टेम्पो आला आणि आम्ही शेलारला निघालो.

लग्नघरी माझा बॉक्स नवऱ्या मुलाच्या मावशीच्या मांडीवर गेला. तिने फीत सोडली, कौतुकाने साडी उचलून अंगाला लावून बघितली, बटर पेपर बाजूला केला आणि तिचा हात थबकला.

ओटीच्या साडीखाली कात्री. तुम्ही हसाल, पण त्या मांडवात कुणी हसले नाही. मुलाकडच्या बायका मुलीकडच्यांकडे बघू लागल्या. सोयरीक कापायला बसलंय कोणी तरी, असे कुणी तरी पुटपुटले. मुलीची आई रूपा रडवेली झाली आणि आपल्याच जावेकडे संशयाने बघू लागली. माझी मूठ धरायलाही कुणी तयार होईना. गाळ्यात जे पाहिले, तेच इथे सुरू होणार, असे मला दिसू लागले.

तेव्हा मुलीची थोरली काकू पुढे आली. तिने मला उचलले, उजेडात धरले आणि खिळ्याजवळ अडकलेला हिरव्या कागदाचा कपटा नखाने काढला.

"वाईट करायला येणारा कात्रीला खळ लावून आणतो काय?" ती म्हणाली. "बघा, पात्याला सुकलीय. ही कामावरची हाय. कोणीतरी हिला शोधत असंल, आन् आपण भितोय."

एवढे बोलून तिने मुलाच्या मावशीला साडीची घडी नीट करून दिली आणि वाटीतले कुंकू लावले. मांडव पुन्हा बोलू लागला. काकूने मला रुमालात गुंडाळून मुलीच्या भावाकडे, राकेशकडे दिले आणि लग्न उरकल्यावर टेमघरला पोचवायला सांगितले.

राकेशने रुमाल उघडला आणि मी कुठे सापडले ते सांगितले. विनिताला सगळे एकदम आठवले: लवंडलेली खळ, रुचिकाचे मागणे, समोरचा उघडा बॉक्स, फोन. राकेश गेल्यावर रुचिका हळूच म्हणाली, की टेबलाखाली सापडली म्हणून सांगू, कशाला उगाच वाढवायचे.  विनिताने मला मशीनच्या खणात ठेवून दिले. पुढचे दोन-तीन दिवस ती खण उघडायची, माझ्याकडे बघायची आणि बंद करायची. मालकिणीने बायकांसमोर चूक कशी कबूल करायची? मग या ऐकतील का आपले? तिच्या चेहऱ्यावर हे असे वाचता येत होते. या गडबडीत रुचिकाची सुरी बोथट झाली म्हणून तिने मला काढून जाड पुठ्ठ्याला लावले. ते मला फार लागले. पण त्या वेळी माझ्या दुखण्याकडे बघायला कुणाला सवड होती?

गोदूमावशीला कळले, तेव्हा ती फीत गुंडाळायची थांबली. "बॉक्स म्या बंद केला," ती म्हणाली. "डोळा माझा गेलाय आन् नाव तिचं गेलं. विनिता, रिक्षा बोलव."

पाड्यावर पोचलो, तेव्हा ठकी अंगणात सुपाने नाचणी पाखडत होती. कुडाजवळ एका जुन्या टोपल्यात सोनेरी, गुलाबी कागदाचा भुगा होता आणि त्यात कोंबडी पिल्ले पंखाखाली घेऊन बसली होती. गोदूमावशी चांगल्या डोळ्याने ते बघत राहिली. 

विनिताने पर्समधून मला काढले आणि घडले ते सांगितले. काही लपवले नाही. शेवटी म्हणाली, की चुकले, आता कामावर ये.

ठकीने सूप खाली ठेवले. "तो कल्याणवाला आला होता, ते खरं हाय. मी त्याला न्हाय म्हटलं. तुमाला सांगायचं सुचलं न्हाय, कारण न्हायच म्हटलं होतं." मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझी पिशवी चौघींत ओतली तुमी. हिथं अंगणात काय सांगता? चौघींत सांगा."

विनिताचा चेहरा उतरला.  पण परतताना ठकी आमच्याबरोबर रिक्षात बसली.

गाळ्यात सगळ्या कामाला बसल्या होत्या. विनिता मधोमध उभी राहिली. "कात्री मी ठेवली होती बॉक्समध्ये," ती म्हणाली. ते जेमतेम ऐकू आले.

"मोठ्यानं बोल," गोदूमावशी म्हणाली. "लूम चाललाय. मला ऐकू न्हाय आलं."

मित्रांनो, गोदूमावशीचे कान उत्तम होते.

विनिताने पदर सावरला आणि या वेळी असे बोलली, की शेजारच्या लूमवरचा माणूस दारात येऊन उभा राहिला. "कात्री मी माझ्या हाताने बॉक्समध्ये ठेवली आणि विसरले. ठकीने काही नेले नव्हते. मी तिच्यावर आळ घेतला. उद्यापासून कुणीही पिशवी दाखवायची नाही."

ठकी आपल्या जागेवर बसली. तिने हिरवा कागद घेतला, मला उचलले आणि कागद फिरवू लागली. पहिल्याच दाण्यावर कागद कुरतडला गेला. तिने मला उजेडात धरून पाती पाहिली.

"हिनं पुठ्ठा कोणी कापला?"

गाळा पुन्हा गप्प झाला. मला ती शांतता ओळखीची होती. आता माना वळतील, नजरा पिशव्यांवर जातील, असे मला वाटले. माझा संशयी स्वभाव!

"मी," रुचिका म्हणाली. "आणि पिशवीपण मीच ओतली होती."

"ठाऊक हाय मला," ठकी म्हणाली. "धारवाला आला की तूच घेऊन जा हिला."

रुचिका मला घेऊन गेली. धार लागेस्तोवर उन्हात उभी राहिली आणि परत आल्यावर कोरड्या फडक्याने पुसून, तेल देऊन तिने मला ठकीसमोर ठेवले. लोंबी पुन्हा निघू लागली. गाणी परतायला थोडे दिवस लागले.

मित्रांनो, तुमच्या घरी कात्री असेल, तर तिच्याकडून तिचेच काम घ्या. पुठ्ठ्याला सुरी वापरा. काम झाल्यावर पात्यावरची खळ पुसा, ठरलेल्या जागी ठेवा. आणि एखादी वस्तू सापडेना, तर आधी आपले हात शेवटचे कुठे गेले होते, ते आठवा. आठवले नाही, तर थांबा. वस्तू उशिरा सापडली म्हणून फारसे बिघडत नाही. आणि कुणावर नुसता संशय आला असेल, तर त्याला विचारा, आणि तो सांगतो ते हसण्यावारी नेऊ नका.

माझी गेलेली धार धारवाल्याने एका दुपारी परत आणली. ठकी रोज वेळेवर येते, हसते, बोलते, रुचिकाशीही. कातरण जमिनीवर पडलेली असते आणि विनिता तिला ती न्यायचा आग्रह करते. पण ठकी अजून पिशवी आणत नाही. येते तशी मोकळ्या हातांनी घरी जाते.